एडिटर, कंपायलर आणि बाहेरची लायब्ररी

टेक्स्ट एडिटर स्वतः कोणताही प्रोग्राम कंपाइल करत नाही. विम या एडिटरमध्ये ‘मेक’ हा आदेश दिला, की एडिटर ‘मेकपीआरजी’ या सेटिंगमधली आज्ञा चालवतो, परत आलेले संदेश वाचतो आणि चूक असलेल्या ओळीवर कर्सर नेऊन ठेवतो. सेटिंग बदललेले नसेल, तर स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये लिहिलेल्या ‘मेक’ याच प्रोग्रामला बोलावणे जाते. सेटिंग बदलताना आज्ञेतल्या प्रत्येक रिकाम्या जागेआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. ती हमखास विसरली जाते.

सी भाषेची मूळ लायब्ररी जीसीसी हा कंपायलर न सांगता जोडतो. एसक्यूलाइटसारखी बाहेरची लायब्ररी वापरायची, तर हेडर फाइल कुठे आहे, लायब्ररी कुठे आहे आणि तिचे नाव काय, हे सांगावे लागते. त्यासाठी वजा चिन्हाला जोडून अनुक्रमे मोठा आय, मोठा एल आणि लहान एल लिहितात. नावातला सुरुवातीचा ‘लिब’ आणि शेवटचे एक्स्टेन्शन गाळतात. लायब्ररी नेहमीच्या फोल्डरमध्ये असेल, तर नुसते नाव पुरते.

चूक कोणत्या टप्प्यावर झाली, हे संदेशावरून कळते. हेडर सापडला नाही, तर कंपायलर तिथेच थांबतो. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ही मात्र कंपाइल झालेला कोड लायब्ररीशी जोडणाऱ्या लिंकरची तक्रार असते. ती पाहून नवशिके कोडमध्ये आणखी ‘इन्क्लूड’ ओळी घालत बसतात. त्याचा काही उपयोग नाही; हेडरमध्ये फंक्शनची नुसती घोषणा असते, प्रत्यक्ष काम लायब्ररीत असते.

क्रमही महत्त्वाचा आहे. लिंकर आज्ञा डावीकडून उजवीकडे वाचतो. स्टॅटिक लायब्ररी सोर्स फाइलच्या आधी आली, तर त्या क्षणी तिच्याकडून कुणी काही मागितलेले नसते, म्हणून तो तिच्यातले काहीच उचलत नाही. लायब्ररीचे नाव शेवटी लिहावे. लिनक्सवर गणिताची लायब्ररी आणखी एक गंमत करते. ठरावीक संख्येचा साइन काढणारा प्रोग्राम ती न जोडताही चालतो, कारण जीसीसी ते उत्तर कंपाइल करतानाच काढून ठेवतो. संख्या वापरणाऱ्याकडून घेतली, की तोच प्रोग्राम लिंकरपाशी अडतो.

हे सगळे पर्याय विमच्या सेटिंगमध्ये भरण्यापेक्षा ‘मेक’ वाचतो त्या मेकफाइलमध्ये ठेवणे चांगले. प्रकल्पातला सहकारी दुसरा एडिटर वापरत असला, तरी त्याचे काम अडत नाही. शिवाय तिथे ‘पीकेजी-कॉन्फिग’ या प्रोग्रामला विचारले, की बऱ्याच लायब्रऱ्यांचे पर्याय आयते मिळतात.

लिंक करताना दिलेला फोल्डर प्रोग्राम चालवताना मात्र लक्षात राहत नाही. शेअर्ड लायब्ररी अनोळखी जागी असेल, तर ‘एलडी लायब्ररी पाथ’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तिचा पत्ता द्यावा लागतो, नाहीतर ‘आरपाथ’ हा पर्याय वापरून तो लिंक करतानाच प्रोग्राममध्ये नोंदवून ठेवावा लागतो.