इंजिनाचे पाणी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हास बोलावले, तेव्हा युनियनचा माणूस म्हणजे बोनस, महागाईभत्ता आणि संप यांवरच बोलणार अशी त्यांची समजूत असावी. जुन्या स्पोर्ट्स मोटारीचे इंजिन थंड कसे राखावे, हा विषय आम्ही कळवला. चिटणीसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत सर्व काही बोलून झाले आहे. मग मोटारीच्या पाण्यानेच काय घोडे मारले आहे?

कोणी म्हणेल, खारदांड्याच्या गल्लीत दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावे लागते, तेथे स्पोर्ट्स मोटार कोणाकडे? प्रश्न रास्त आहे. या मोटारी कोणाच्या तरी बंगल्यात राहतात. वर्षातून एखाद्या रविवारी फोर्टात हॉर्निमन सर्कलपाशी त्यांचा मेळावा भरतो, तेव्हा लोक त्यांचे फोटो काढतात. परंतु त्या मोटारी तेथवर न उकळता पोचाव्यात म्हणून ज्यांचे हात आदल्या आठवड्यात काळे झालेले असतात, ते लोक अशाच वस्त्यांतून राहतात. आम्हीही त्यांच्यातलेच. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि गॅरेजात फार झाले.

प्रथम इंजिन तापते का, ते पाहू. पेट्रोल जळते तेव्हा सिलिंडरातील वायूची उष्णता दोन हजार अंशांच्या आसपास जाते. बीड बाराशे अंशांच्या सुमारास वितळते, ॲल्युमिनियम ६६० अंशांना. म्हणजे विस्तव असा, की ज्या चुलीत तो पेटवला ती चूलच वितळावी. ती वितळत नाही, कारण आपण तिची उष्णता सारखी काढून घेतो. ढोबळ हिशेब असा: पेट्रोलच्या उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश धुराच्या नळीवाटे जातो, एक तृतीयांश पाण्यावाटे जातो आणि राहिलेल्यात चाके फिरतात. जुन्या इंजिनांत चाकांच्या वाट्याला त्याहूनही कमी येते. काम करणाऱ्याच्या वाट्याला सर्वांत कमी, हा न्याय फक्त गिरण्यांतच आहे असे नाही.

ही उष्णता काढण्याचे दोन मार्ग आहेत, हवा आणि पाणी. आपल्या शेजारच्या जुहूचे उदाहरण घ्या. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. त्यांच्या पस मॉथ विमानाच्या इंजिनात पाण्याचा थेंब नव्हता. आकाशातला वाराच त्याला पुरत होता. मोटारीला तो कोठून मिळणार? लिंकिंग रोडवर संध्याकाळी सहा वाजता मोटार उभी असते आणि विस्तव मात्र चालू असतो. म्हणून मोटारीला पाणी लागते, पाणी फिरवायला पंप लागतो, पाणी निववायला रेडिएटर लागतो आणि वारा नसेल तेव्हा तो ओढून आणायला पंखा लागतो.

आता स्पोर्ट्स मोटारच जास्त का उकळते? युद्धानंतरच्या एम.जी. घ्या, १९४८ ची जग्वार एक्स.के. १२० घ्या, किंवा १९६१ ची ई-टाईप घ्या. या इंग्लंडात घडल्या, तेथल्या थंड हवेसाठी आणि मोकळ्या रस्त्यासाठी. पुढच्या दोघींचे तर नाक निमुळते, हवा शिरायला तोंड लहान, आणि बोनेटाखाली मोठे इंजिन दाटीने बसवलेले. वेगाने पळताना हवा आपोआप आत शिरते. तीच मोटार मुंबईच्या मे महिन्यात सिग्नलमागून सिग्नल थांबू लागली, की तिचा जीव घाबरा होतो. तिचा हा दोष जन्माचा नव्हे, तिला मिळालेल्या कामाचा आहे.

यावर मालकमंडळींचा पहिला उपाय ठरलेला असतो: मोठा रेडिएटर घाला. आमच्या अनुभवाने दहापैकी आठ वेळा त्याची गरज नसते. मोटार नवी होती तेव्हा जे तिला पुरत होते, ते आज का पुरत नाही, हे आधी विचारावे. पन्नास-साठ वर्षांत इंजिनाच्या पोटात गंज आणि गाळ साचतो. तो सर्वांत मागच्या सिलिंडरापाशी जास्त साचतो. पाणी काढायची तोटी उघडली आणि काहीच आले नाही, तर टाकी रिकामी आहे असे समजू नये. तोंडाशी गाळ बसला आहे असे समजावे. तेथे तार घालावी, ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची बुचे काढून आतला गाळ खरवडावा, आणि रेडिएटरला उलट दिशेने, म्हणजे खालून वर, पाणी सोडून धुवावे. बाहेरच्या बाजूला समुद्राची खारी हवा तांब्याच्या पातळ पाकळ्या खाते. त्या हिरव्या होऊन गळतात आणि नळ्या उघड्या पडतात. बोट लावले की त्यांचा चुरा होत असेल, तर मात्र रेडिएटरचा गाभा बदलावा.

निदानाचा एक साधा नियम आमच्या उस्तादांनी शिकवला, तो आपणही ध्यानात ठेवा. मोटार उभी असताना तापते आणि पळू लागली की निवते, तर दोष वाऱ्यात शोधावा: पंखा, त्याचा पट्टा, त्याची वायर. उभी असताना ठीक आणि वेगात तापते, तर दोष पाण्यात शोधावा: तुंबलेला रेडिएटर, झिजलेला पंप, किंवा खालचा होज पाईप. या खालच्या पाइपातून पंप पाणी ओढतो. त्याच्या पोटात तारेची स्प्रिंग असते. ती गंजून गेली की पाईप ओढीने चपटा होतो. मोटार थांबवून बोनेट उघडावे, तर तो पुन्हा गोल झालेला असतो. चोर सापडत नाही तो असा. आणि दोन्ही वेळा तापत असेल, तर इग्निशनचे टायमिंग मागे पडले आहे काय आणि कार्बोरेटर पेट्रोल कमी देतो काय, हे पाहावे. कित्येकदा पाण्यावर आळ येतो आणि गुन्हा ठिणगीचा असतो.

थर्मोस्टॅटविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण मुंबईत त्याच्यावर फार अन्याय झाला आहे. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा पहारेकरी. इंजिन थंड असता तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि ठरलेल्या उष्णतेला उघडतो. आपल्याकडे मोटार तापली की पहिल्याने यालाच काढून फेकतात. 'आपल्या हवेत काय करायचाय?' असे म्हणतात. पण जग्वारच्या त्या सहा सिलिंडरांच्या इंजिनात हा पहारेकरी दोन दारे सांभाळतो. रेडिएटरची वाट उघडताना त्याच्या अंगाची बाही वर सरकून आडवाट बंद करते. त्याला काढला, किंवा बाही नसलेला दुसराच बसवला, की गरम पाणी रेडिएटरकडे न जाता आडवाटेने पुन्हा इंजिनात शिरते. म्हणजे थंड करण्यासाठी केलेला उपाय इंजिन तापवतो. जी वस्तू काय करते हे आपणास ठाऊक नाही, ती निरुपयोगी ठरवू नये. कारखान्यात कामगारकपात करणाऱ्या साहेबांनाही आम्ही हेच सांगत आलो.

आता पाण्याचे. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंटची गरज नाही, हा दुसरा गैरसमज. कूलंट गोठू न देण्यापुरता नसतो. बीड, पितळ, तांबे, ॲल्युमिनियम हे धातू एकाच पाण्यात राहिले की एकमेकांना खातात, ते थांबवण्याचे औषध त्यात असते. मात्र तो जितका जास्त तितका चांगला, असेही नाही. कूलंट पाण्याहून कमी उष्णता वाहतो. बोअरचे पाणी घालू नये, त्याची खपली बसते. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणावे, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात कूलंट मिसळावा, दोन वर्षांनी बदलावा.

झाकणाबद्दल बोलताना आमचा आवाज थोडा बदलेल, त्याची क्षमा असावी. रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण नव्हे, तो दाबाचा व्हाल्व आहे. पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळते. सात पौंडांचे झाकण असेल तर आत ते सुमारे ११० अंशांपर्यंत उकळत नाही, गप्प बसते. तेच झाकण फिरवले की दाब जातो आणि गप्प बसलेले पाणी एका क्षणात वाफ होऊन उसळते.

१९८७ साली आम्ही सतरा वर्षांचे होतो आणि एका गॅरेजात हेल्पर होतो. लाल रंगाची, दोन माणसांची विलायती मोटार उकळत आली. उस्ताद जेवायला गेले होते. मालकाला घाई होती. तो म्हणाला, 'पाणी घाल, लवकर.' आमच्या जोडीचा पोरगा आमच्याच वयाचा. त्याने ओले पोते घेतले आणि झाकण फिरवले. पुढचे आपण समजलाच असाल. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत आणि मानेची एक बाजू भाजली. मोटारवाल्याने विचारले, 'रंगावर पाणी पडले नाही ना?' पोरगा एकोणीस दिवस घरी होता आणि त्या एकोणीस दिवसांचा पगार कापला गेला. आम्ही चौघे मिळून गॅरेजवाल्यासमोर उभे राहिलो. भांडलो नाही, आम्हाला भांडता येतही नव्हते. नुसते उभे राहिलो. तिसऱ्या दिवशी पैसे मिळाले. आमची पहिली युनियन तीच. तिला नाव नव्हते, पावतीपुस्तक नव्हते.

म्हणून आपल्यात जे ड्रायव्हर आहेत, मेकॅनिक आहेत, त्यांना हात जोडून सांगणे आहे. तापलेली मोटार कडेला घ्या, इंजिन बंद करा, अर्धा तास थांबा. वरच्या होज पाइपावर हात ठेवता आला तरच झाकणाला हात लावा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेड तडकते. गर्दीत अडकला असाल आणि मोटारीला हीटर असेल, तर तो चालू करा. आपणास घाम फुटेल, पण मोटारीचा ताप थोडा उतरेल. मालक घाई करत असेल तर घाईला नकार देणे हेही कामाचेच कौशल्य आहे.

आणखी एक माणूस आहे, त्याला कोणी पाहत नाही: रेडिएटरवाला. नळी फुटली की तो कथील आणि शिशाचा डाग देतो. जुना डाग ज्योतीने वितळवायचा, घासायचा, पुन्हा द्यायचा. तो धूर आणि ती भुकटी पोटात जाते. १९४८ च्या कारखाने कायद्याने कळवावयाच्या रोगांची यादी केली, तिच्यात शिशाची बाधा होती. परंतु विजेवर चालणाऱ्या जागेला तो कायदा लागू व्हायला दहा माणसे लागत, आणि रेडिएटरवाल्याच्या टपरीत दोन असत. कायदा दारापर्यंत आला आणि माणसे मोजून परत गेला. त्या टपरीत उघडी हवा असावी, जेवणाआधी साबणाने हात धुवावेत, कामाचे कपडे घरी लेकरांजवळ नेऊ नयेत. याला पैसा थोडा लागतो, पण कोणीतरी सांगावे लागते.

२०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. कुर्ल्याला बनलेल्या त्या गाडीवर हजारो मेकॅनिक पोसले गेले आणि शिकले. आता नव्या मोटारींचे रेडिएटर ॲल्युमिनियम-प्लॅस्टिकचे. फुटले की फेकायचे. डाग देणारे हात कमी होत चालले आहेत. जुनी मोटार जपणाऱ्यांनी हे ओळखावे, की सुटा भाग परदेशाहून येईल, पण खालचा पाईप चपटा होतो हे ओळखणारी नजर पार्सलने येत नाही. ती हवी असेल तर त्या माणसाला मजुरी नीट द्या, आणि त्याच्या हाताखाली एक पोरगा शिकेल एवढा वेळ द्या.

शेवटी दांड्याच्याच माणसाकडे येतो. इंजिनाची होडी समुद्रात गेली की तांडेल कशाकडे पाहतो? होडीच्या कुशीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेकडे. तेथे समुद्रच इंजिनाला निववतो. धार बारीक झाली की आत कोठेतरी प्लॅस्टिकची पिशवी अडकली, हे त्याला यंत्राच्या काट्याआधी कळते. कोळ्याला हे कोणी पुस्तकातून शिकवले नाही. इंजिन बंद पडले तर किनारा लांब असतो, एवढे त्याला ठाऊक असते. मोटारवाल्याला किनारा नेहमी जवळ वाटतो, म्हणून तो पाहत नाही. दर रविवारी पाच मिनिटे बोनेट उघडून पाण्याची पातळी, पट्ट्याचा ताण, पाइपाची नरमी आणि खाली पडलेला थेंब पाहणे, आणि पाहिलेले वहीत लिहिणे, यापलीकडे भरवशाचे दुसरे रहस्य नाही.