तलवारींची अठ्ठी

मैत्रिणींनो, टॅरोच्या पत्त्यांवरून भविष्य कळतं का, हा वाद आज नको. हे चित्र बघा. पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीनं १९०९ साली इंग्लंडमध्ये काढलेलं. बाईच्या डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती बंध, आजूबाजूला रोवलेल्या आठ तलवारी, मागे कड्यावर किल्ला. पाय मात्र मोकळे, समोर तलवार नाही. म्हणून पत्ते वाचणारे बहुतेक सांगतात, बंधन तिच्या मनातच आहे, तिनं चालू लागावं. किती सोपं! मग ती गाठ तिनंच मारली काय? बांधणारा चित्रात नाही, म्हणून अर्थातूनही सुटला. आणि डोळे बांधलेले असताना वाट मोकळी आहे हे तिला कळावं कसं? कुणीतरी जवळ जाऊन सांगायला हवं. निघालीच, तर त्या किल्ल्याखेरीज तिला घर कुठलं?