एक शब्द आणि वीस दिवस

आज मी तुम्हांला जपान देशाची एक खरी हकीकत सांगणार आहे.

दुसऱ्या महायुद्धात जपान अमेरिका आणि इंग्रज यांच्याशी लढत होता. आपल्याकडचेही पुष्कळ शिपाई तेव्हा ब्रह्मदेशाच्या रानात जपान्यांशी लढले. १९४५ साली जपान हरत आला. मार्च महिन्यात विमानांनी टोकियो शहरावर आग ओतली. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं गेली. मे महिन्यात त्यांचा साथीदार जर्मनी शरण गेला. जूनमध्ये ओकिनावा बेट हातचं गेलं.

२६ जुलैला अमेरिका, इंग्लंड आणि चीन यांनी जपानला बजावलं, "तुमच्या फौजा बिनशर्त शरण आणा. नाहीतर तुमचा पुरता नाश होईल." सम्राटाचं पुढं काय होणार, हे मात्र त्यात लिहिलं नव्हतं.

जपानचा कारभार तेव्हा सहा माणसांच्या हाती होता. परराष्ट्रमंत्री तोगो म्हणाले, "एकदम नकार देऊ नका. रशिया मध्यस्थी करील, वाट पाहू." सेनापतींना हे पटेना. नकार स्पष्ट कळवा, असा त्यांचा हट्ट. प्रधानमंत्री सुझुकी सत्त्याहत्तर वर्षांचे म्हातारे. २८ जुलैला वर्तमानपत्रवाल्यांनी त्यांना विचारलं. ते एक शब्द बोलले, "मोकुसात्सु." म्हणजे गप्प राहून एखादी गोष्ट मारून टाकणं. त्याचा अर्थ 'सध्या बोलत नाही' असा घ्यावा, की 'किंमत देत नाही' असा? जगानं दुसरा अर्थ घेतला. जपाननं नकार दिला, असं सगळीकडे छापून आलं.

पण सगळा दोष त्या एका शब्दाला देऊ नका. बॉम्ब टाकण्याचा हुकूम अमेरिकेत २५ जुलैलाच निघाला होता.

६ ऑगस्टला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. पुढाऱ्यांचा निर्णय तरीही होईना. ८ ऑगस्टला रशियानंच युद्ध पुकारलं. मध्यस्थीची आशा संपली. ९ तारखेला सहा जण बसले असतानाच नागासाकीवर दुसरा बॉम्ब पडल्याची बातमी आली. तरी तीन इकडे, तीन तिकडे! तिघे म्हणाले, "सम्राटाचं पद राखा, बाकी सगळं मान्य करू." तिघे म्हणाले, "नाही, आणखी तीन अटी हव्यात." शेवटी त्या रात्री राजवाड्याच्या तळघरात सम्राट हिरोहितो यांनी कौल दिला, शरण जायचं.

त्यानंतरही अटींवरून घोळ चाललाच. १४ ऑगस्टला सम्राटांना पुन्हा सांगावं लागलं. त्याच रात्री काही तरुण अधिकारी राजवाड्यात घुसले. सम्राटांच्या भाषणाची तबकडी त्यांना पळवायची होती. ती सापडली नाही. १५ ऑगस्टला दुपारी लोकांनी रेडिओवर आपल्या सम्राटांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. २ सप्टेंबरला शरणपत्रावर सह्या झाल्या.

इशारा आल्यापासून शरण जाईपर्यंत जेमतेम वीस दिवस गेले. त्या वर्षाअखेर हिरोशिमात सुमारे एक लाख चाळीस हजार आणि नागासाकीत सुमारे सत्तर हजार माणसं दगावली. त्यांत म्हातारी होती, शाळेतली पोरं होती. "लढायचं का थांबायचं?" असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ज्यांनी वाद घातला ते तळघरात होते. मेले ते उघड्यावर.

म्हणून मंडळी, घरात असो की गावकीत, चार माणसांचं बरंवाईट आपल्या हाती असेल तेव्हा मोघम बोलू नये. हो म्हणायचं तर हो म्हणावं. आणि हरलेला डाव केवळ मानासाठी ओढीत बसू नये. मान आपला असतो, पण किंमत दुसरा मोजतो.