चालत्या नावेमागचा गळ

कुंभकोणमला बदली होईपर्यंत कावेरी ही बाराही महिने वाहणारी नदी आहे, अशी माझी समजूत होती. स्नानाच्या वेळी जिचे नाव गंगेच्या जोडीने घ्यावयाचे, तिच्या पात्रात उन्हाळ्यात मुले क्रिकेट खेळत असतील हे मनात येण्याचे कारणच नव्हते. वर मेट्टूर येथे १९३४ साली पुरे झालेले धरण आहे. त्याचे दरवाजे प्रघाताप्रमाणे १२ जूनला उघडावयाचे आणि २८ जानेवारीला मिटावयाचे. या दोन तारखांच्या मध्ये आमच्या गावापाशी नदी असते. एरवी वाळू असते. तेव्हा नावेतून मासे धरण्याची विद्या शिकू पाहणाऱ्याला ही शाळा वर्षातून साडेसात महिनेच उघडी.

या विद्येला ट्रोलिंग म्हणतात. अलीकडे हा शब्द कानी पडला की सरकारी नोकराच्या अंगावर काटा उभा राहतो. परंतु येथे त्याचा अर्थ निराळा आणि पुष्कळ निरुपद्रवी आहे, निदान माणसांना. नावेमागे लांब दोरा सोडावयाचा, त्याच्या टोकाला दांडी मोडलेल्या चमच्यासारखे चकचकीत पत्र्याचे आमिष बांधावयाचे आणि नाव वल्हवीत ते पाण्यातून ओढीत न्यावयाचे. माझी नाव म्हणजे कयाक. उत्तर ध्रुवाकडील लोकांनी सीलच्या कातड्याची ही एकट्याची नाव शोधून काढली, माझी प्लॅस्टिकची. तिला दोन्ही टोकांना पाते असलेले एकच वल्हे.

मी मराठीचा एम. ए. असल्यामुळे आरंभ अर्थातच पुस्तकापासून केला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ आम्हाला ठाऊक असतो तो त्यातील जुन्या मराठी गीतांमुळे. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे, याची आठवण विद्यार्थिदशेत मला कोणी करून दिली नव्हती. बाराव्या शतकातला हा राजा माशांच्या जाती सांगतो, कोणत्या माशाला काय खावयास आवडते ते सांगतो, दोरा आणि गळ यांचीही बारकाईने चर्चा करतो. १९५१ साली मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणावर विद्वत्तापूर्ण लेख लिहिला. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात बसून मी हे सारे टिपून घेतले, आणि पहिल्याच दिवशी घाटापासून वीस हातांवर पाण्यात पडलो.

पुढचे शिक्षण एका वृद्ध कोळ्याने दिले. आमच्यातले दुभाषे म्हणजे शेजारचे काका. त्यांचे पूर्वज व्यंकोजीराजांच्या राज्यात इकडे आले. घरात आजही मराठी आहे, फक्त तिचे हेल तमिळ झाले आहेत. काका पक्के शाकाहारी. मासा निघाला की तोंड फिरवायचे. पण घाटाच्या पायरीवरून एक दिवस हलले नाहीत. गुरुदक्षिणा आरंभीच ठरली : पहिला मोठा मासा गुरूचा.

म्हातारा नावेत बसलाच नाही. तो काठाने चाले आणि मी त्याच्या बरोबरीने वल्हवावे, एवढाच त्याचा धडा. ही युक्ती किती अचूक होती हे मला उशिरा कळले. माणसाच्या सावकाश चालीपेक्षा नाव वेगाने गेली की आमिष गरगर फिरत वर येते आणि दोऱ्याला पीळ पडतो. मंदावली की ते तळाच्या शेवाळात रुतते. दोरा साठ-सत्तर फूट मागे हवा. वळण मोठे घ्यावे. वळताना बाहेरच्या बाजूचे आमिष वेग घेते, आतल्या बाजूचे बुडू लागते, आणि मासा पुष्कळदा नेमका त्याच क्षणी झेप घेतो. रिळाचा दाब सैल ठेवावा. हिसका बसला तरी दोन हात वल्हे मारावे, मगच काठी उचलावी, आणि मासा नाकाच्या दिशेला घ्यावा. तो आडवा ओढू लागला तर कयाक उलटते. हे सारे कागदावर सोपे दिसते. जुलै ते ऑक्टोबर मी मुख्यतः शेवाळ धरले.

नोव्हेंबरात, पावसाची उघडीप पडलेल्या एका सकाळी, काठाच्या लव्हाळ्याजवळ पाण्यावर तांबूस पुंजका खदखदताना दिसला. म्हातारा थांबला, त्याने बोट दाखविले आणि मोठ्या वळणाची खूण केली. मी वळलो. काठी वाकली. इतका जोर मी कल्पिला नव्हता. माझी नाव चक्क ओढली जाऊ लागली. दहा मिनिटांनी मांडीएवढी मरळ, इकडच्या भाषेत विराल, माझ्या पायांशी पडली होती.

मग मी मागे पाहिले. तो पुंजका म्हणजे तिची पिले होती. मरळीचे जोडपे पिलांवर पहारा करते; आमिषावर ती तुटून पडली होती ती भुकेने नव्हे. आता त्या तांबूस ठिपक्यावर बाजूने लहानमोठे मासे धडका देत होते. मरळ हवेतूनही श्वास घेते, पाण्याबाहेर बराच वेळ जगते. त्यामुळे विचार करण्यास मला नको तितका अवधी मिळाला. काठावर गुरू हात पुढे करून उभा होता. मासा त्याचा होता, माझा नव्हता. बाजारात त्याचे हजारावर रुपये आले असते, आणि त्याच्या घरी रुपये माझ्या घरच्यापेक्षा जड.

मी पकडीने गळ काढला आणि तिला पाण्यात सोडले.

म्हातारा काही बोलला, ते काकांनी भाषांतरित करण्याचे नाकारले. संध्याकाळी मी त्याच्या घरी पैसे घेऊन गेलो. त्याने ते दोनदा मोजले, ठेवून घेतले आणि एवढेच म्हणाला की ठरला होता तो मासा, पैसे नव्हेत. चार दिवस तो घाटावर आला नाही. काका मात्र माझ्यावर प्रसन्न झाले, आणि त्या प्रसन्नतेचा मला उगीचच राग आला.

पाचव्या दिवशी तो काठाने चालू लागला. लव्हाळ्याची ती जागा आली की आता तो नदीपासून दूर वळसा घेतो, मी पलीकडच्या काठाला जातो. त्याविषयी आम्ही बोलत नाही. जानेवारीअखेर पाणी ओसरले तेव्हा तीन मध्यम मरळी मी त्याला पोचविल्या होत्या. मोठी अद्याप देणे आहे. कयाक पडवीत पालथी घातली आहे आणि जून यंदा तारखेला येतो की नाही, हे कोडगूच्या पावसावर आहे.