आमच्या अमरावतीचे सुरेश भट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कवितेवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण माझे माहेर अमरावतीचे; माहेरच्या माणसाविषयी दोन शब्द बोलायला शिक्षण आडवे येऊ नये.

कविवर्य सुरेश भट १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीस जन्मले. वडील डॉक्टर, गाण्याचे शौकीन. आईला कवितेची फार आवड. अडीच वर्षांचे असताना पोलिओने त्यांचा उजवा पाय कायमचा अधू झाला. मुलाचा ओढा पाहून वडिलांनी घरी बाजाची पेटी आणली. पुढे बी.ए.च्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले आणि १९५५ मध्ये उत्तीर्ण झाले. खेड्यांतून शिक्षकाची नोकरी केली. १९६१ साली 'रूपगंधा' हा पहिला संग्रह निघाला. मग 'रंग माझा वेगळा', 'एल्गार'. लताबाई-आशाबाईंनी त्यांची गीते गायिली. मराठी गझल त्यांनी घरोघरी पोचवली.

गझल म्हणजे काय, हे मला असे उमगले: त्यातले शेर एका घरातल्या जावांसारखे. प्रत्येकीचा स्वभाव निराळा, पण आडनाव एक. ही विद्या त्यांनी स्वतःपाशी दडवून ठेवली नाही. 'गझलेची बाराखडी' लिहून ती नवीन लिहिणाऱ्यांना पाठवली.

आता घरची गोष्ट सांगते. गेल्या वर्षी माझा मुलगा बारावीला नापास झाला. मी चारचौघींत त्याला नको ते बोलले. दोन दिवस तो नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी रेडिओवर भटांचे गीत लागले आणि माझा पोळी लाटता हात थांबला. या माणसाच्या नावापुढेही दोनदा नापास लागले होते! मी ताट वाढून मुलाजवळ बसले, त्याला हे सांगितले आणि माझे चुकले म्हणाले. तो काही बोलला नाही, पण जेवला.

१४ मार्च २००३ रोजी नागपूरला भट गेले. त्यांची गाणी आजही आपल्या अकोल्यात ऐकू येतात.

भगिनींनो, निकालाच्या दिवशी लेकराला आधी जेवू घालावे. बोलायचे ते मागाहून. माझा मुलगा पुन्हा परीक्षेला बसतो आहे. माझे अक्षर कुणाला लागत नाही, म्हणून हे भाषण त्यानेच उतरवून दिले आहे.