शस्त्रक्रियेनंतरचा कोठा

ओटीपोटाची शस्त्रक्रिया झालेली स्त्री घरीं परतली म्हणजे तिच्या झोंपेची, टांक्यांची चौकशी सारें घर करतें. शौचास झालें कीं नाहीं, हें मात्र कोणी विचारीत नाहीं, आणि ती तरी आपण होऊन कसची सांगते!

गर्भाशय काढल्यावर, किंवा अंग बाहेर येत असल्यास तें वर बसवून टांके घातल्यावर, कोठा हटकून जड होतो. भूल, अंथरूण, तुटलेलें अन्न हीं कारणें आहेतच. पण मोठें कारण म्हणजे वेदनेवर दिलेलीं कोडीन, ट्रॅमाडॉल यांसारखीं अफूच्या जातीचीं औषधें. तीं आंतड्यांची हालचाल मंदावतात. त्यांत टांके तुटतील या भीतीनें ती वेग दाबते, मळ वाळतो, आणि मग करावा लागणारा जोर नेमका ताज्या टांक्यांवर येतो.

महाराष्ट्रीय घरांत इसबगोलावर फार भरंवसा. रोजच्या मलावरोधास तो उत्तम खरा. पण त्यास पाणी भरपूर लागतें, आणि आंतडें सुस्तावलेलें असतां तो फुगून आंतच अडण्याची भीति. अफूवर्गी औषधें चालूं असतां तो टाळावा. लॅक्टुलोज व पॉलिएथिलीन ग्लायकॉल मळांत पाणी राखून तो मऊ करतात; गुण यावयास एकदोन दिवस, कधीं तीनही लागतात. लॅक्टुलोजनें पोटांत वायु अधिक धरतो. सोनामुखीची तऱ्हा निराळी. ती आंतड्यांस चालना देते; रात्रीं घेतली कीं बहुधा सकाळीं गुण, मात्र थोडा मुरडा येतो. अमेरिकेंत २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत अशा शस्त्रक्रियेनंतर सोनामुखी व डॉक्युसेट एकत्र घेणाऱ्या स्त्रियांना सरासरी ३ दिवसांनीं शौचास झालें. औषधरहित गोळी घेणाऱ्यांना ४ दिवसांनीं. एका दिवसाचा हा फरक कागदावर क्षुल्लक. तो दिवस काढणारीस विचारावें! यांतलें श्रेय सोनामुखीचेंच असावें. नुसत्या डॉक्युसेटचा पुरावा फार दुबळा आहे. मॅग्नेशियाचें दूध मूत्रपिंडाचा विकार असणारीस वैद्याच्या सल्ल्यावांचून देऊं नये. एरंडेल आजीबाईंचें लाडकें. पण त्याचा मुरडा या दिवसांत नकोच.

पोट ताठ फुगलें, उलट्या होऊं लागल्या, वायुही सरेनासा झाला, तर कोणतेंच रेचक न देतां शल्यवैद्यास गांठावें. टांके गुदद्वाराजवळ असतां एनिमाही परस्पर देऊं नये. रुग्णालयांतून निघतांनाच कोणतें रेचक, किती, कोठवर, हें लिहून घ्यावें. आणि विचारण्याचें काम त्या बाईवर न टाकतां सोबतच्या सासूनें किंवा नवऱ्यानें करावें.