बाड वाचणारा माणूस



आपण या पदाला पात्र नाही, असं संमेलनाच्या अध्यक्षानं आधी म्हणायची रीत आहे. माझ्या बाबतीत ते खरंच आहे, म्हणून म्हणत नाही. लोक रीत समजतील. मी लातुरात बांधकाम खात्यात एकतीस वर्षं कारकून होतो. रस्त्यांची अंदाजपत्रकं केली. आज पहाटे लातूरहून निघून अहमदपूर, लोहा करत नांदेडला येताना त्यातले दोन-तीन खड्डे ओळखीचे वाटले. माझ्या नावावर एकच कादंबरी आहे. ती लिहायला सहा वर्षं लागली आणि छापून यायला अकरा. लिहिण्याच्या सहा वर्षांचं विशेष काही नाही. रद्द झालेल्या निविदांच्या पाठकोऱ्या पानांवर लिहिणारे त्या काळात आमच्याच कचेरीत तिघं होते. मला आज बोलायचंय ते मधल्या अकरा वर्षांबद्दल.

कारकुनानं कादंबरी लिहिणं आपल्या मराठवाड्यात नवीन नाही. बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी, परभणीला बांधकाम खात्यातच होते. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू. दिवसभर तिच्यात टिपणी लिहायची आणि घरी येऊन मराठीत कथा, कविता, कादंबरी. 'ओ', 'हिरवे गुलाब', 'उत्पात', 'आडगावचे चौधरी' या कादंबऱ्या अशा माणसानं लिहिल्या. 7 सप्टेंबर 1953 ला कचेरीत काम करता करताच ते गेले. वय चाळीस. मी नोकरीला लागलो तेव्हा एका वरिष्ठानं हे मला समज द्यावी तसं सांगितलं होतं. मी ते शिफारसपत्र समजलो.

माझं बाड 1999 साली पुरं झालं. एका कुटुंबाची 1948 ते 1972 पर्यंतची गोष्ट. फुलस्केपची सहाशे चाळीस पानं. गंजगोलाईत झेरॉक्स काढली, जाड पुठ्ठा घातला, बायकोनं सुतळी बांधली आणि रजिस्टर पार्सलनं मोठ्या शहरातल्या एका प्रकाशकाकडे पाठवून दिलं. प्रकाशकाचं नाव सांगणार नाही. आता ते माझ्या लक्षात नाही, असंच समजा.

चौदा महिने काही कळलं नाही. दोन पत्रं टाकली. मग रात्रीच्या एसटीनं स्वतःच गेलो. तिथल्या गृहस्थांनी विचारलं, "कोणती कादंबरी?" शोधाशोध झाली. माळ्यावरून बाड निघालं. धूळ झटकून त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "चांगली आहे, पण आमच्या यंदाच्या योजनेत बसत नाही."

मी सुतळीकडे बघत होतो. आमच्या घरात डाळीचं पोतं असो की शिदोरीचं गाठोडं, बायको एका खास पद्धतीनं गाठ मारते. तिच्या माहेरची गाठ आहे ती. दुसऱ्या कुणाला सुटत नाही, सोडली तर तशी परत बसत नाही. ती गाठ जशीच्या तशी होती.

मित्रहो, नकाराचं दुःख मला कधी फारसं झालं नाही. नकार म्हणजे कुणीतरी वाचलं. न सुटलेली गाठ घेऊन रात्रभर एसटीत बसणं ही वेगळी गोष्ट आहे.

दुसऱ्या प्रकाशकानं पोस्टकार्डावर चार ओळी लिहिल्या. रझाकार म्हणजे कोण, हे आमच्याकडच्या वाचकाला कळत नाही, तळटिपा द्याव्यात. तेव्हा मी चिडलो होतो. त्यांचा देश 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला, आमचा मुलूख तेरा महिन्यांनी, 17 सप्टेंबर 1948 ला. तेवढे तेरा महिने समजून घ्यायला यांना तळटीप लागते! आज मात्र त्या कार्डाबद्दल आदर वाटतो. तळटीप मागणारा माणूस निदान त्या पानापर्यंत आला होता.

तिसऱ्यानं खर्चच कळवला. लेखकानं पंचेचाळीस हजार भरावेत, पाचशेची आवृत्ती, दोनशे प्रती लेखकानं न्याव्यात. त्या साली सोयाबीन बरं झालं होतं. आडतीवरून पट्टी आली ती घरात न येता तशीच पुढे गेली.

बायको म्हणाली, "या पैशात बोअर पाडलं असतं."

मी म्हणालो, "आन् पानी नसतं लागलं तर?"

"नसतं लागलं तरी गावाला दिसलं असतं की, बोअर पाडलं म्हणून."

यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. त्या दोनशे प्रतींपैकी साठेक अजून दिवाणाखाली आहेत.

छपाईचीही एक कथा आहे. प्रकाशक म्हणाले, अक्षरजुळणी तिकडेच करून घ्या, स्वस्त पडेल. आमच्या गल्लीत एक डीटीपीवाला पोरगा होता. लग्नपत्रिका, क्लासच्या नोट्स, बाजार समितीची पॅनेलची पत्रकं, सगळं त्याच्याकडे. दोन महिन्यांनी त्यानं प्रुफं दिली आणि खुशीत म्हणाला, "काका, तुमचं शुद्धलेखन मी फुकटात दुरुस्त केलंय." माझी माणसं एकमेकांना विचारायची, "काय करलालास?" त्यानं सगळीकडे "काय करत आहेस?" केलं होतं. आता इथं नांदेडात आपण "करायलास" म्हणतो, उदगीर-निलंग्याकडे "करलालास". या दोन शब्दांत एका कुटुंबाची सोयरीक कुठल्या बाजूला झाली ते कळतं. माझ्या कादंबरीतली सून नांदेडकडची आणि सासू उदगीरकडची. त्यांचं निम्मं भांडण क्रियापदांत होतं. पोरानं दोघींना पुण्याला नेऊन ठेवलं. ते सगळं परत बदललं, तर फाइल प्रकाशकाच्या फॉन्टमध्ये जाताना सगळे रफार गळाले. मर्द गडी "मद गडी" झाला. एका प्रतीत अजून तसाच आहे. ती मी कुणाला देत नाही.

धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ला 1988 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते आत्मकथन असं कुणी फुकटात दुरुस्त करून दिलं असतं तर काय उरलं असतं, याचा मी तेव्हा विचार करत बसलो होतो.

आज परिस्थिती पालटली आहे, हे मान्य केलं पाहिजे. मी सुरुवात केली तेव्हा पुस्तक म्हटलं की गाडी पुण्या-मुंबईची. आता नांदेडात निर्मल, संगत, इसाप अशी प्रकाशनं आहेत, लातुरातही आहेत. देगलूरच्या बाबू बिरादारांनी, लातूरच्या शेषराव मोहित्यांनी इथंच राहून कादंबऱ्या लिहिल्या. मोहित्यांचं 'असं जगणं तोलाचं' वाचताना आमच्या बांधावरच्या माणसाला पहिल्यांदा आपला हिशोब कुणीतरी मांडलेला दिसला. पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिचा अर्ज भरा, लाजू नका. आणि आयएसबीएन क्रमांक काढून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आपल्या देशात तो फुकट मिळतो. 2010 नंतर प्राध्यापक मंडळींना बढतीच्या गुणांसाठी पुस्तकं लागू लागली आणि या क्रमांकाला सोयाबीनसारखा भाव आला. त्या गर्दीत कादंबरीवाला मागच्या रांगेत गेला. विद्यापीठातली मंडळी समोर बसली आहेत, रागवू नयेत. रागावलात तरी हरकत नाही, तुमच्यातले निम्मे खासगीत हेच म्हणतात.

तर छापणारे आले, पैसेही कुठून कुठून उभे राहतात. आलं नाही ते एवढंच: छापण्याआधी वाचणारा माणूस. 'कोसला' 1963 ला आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते. त्या पोरात काहीतरी आहे हे प्रकाशक रा. ज. देशमुखांना दिसलं आणि ते कादंबरीसाठी त्याच्या मागे लागले. आज प्रकाशक मागे लागतो तो दुसऱ्या हप्त्यासाठी.

आणि आपण बसलो आहोत ते गाव तर नरहर कुरुंदकरांचं. आधी प्रतिभा निकेतन शाळा, मग पीपल्स कॉलेज. रणजित देसायांच्या 'श्रीमान योगी'ला प्रस्तावना म्हणून त्यांचं ते लांबलचक पत्र आहे. देसायांना 'स्वामी'साठी 1964 लाच अकादमीचा पुरस्कार मिळालेला. महाराष्ट्रभर नाव झालेलं. तरी कोवाडचा लेखक नांदेडच्या मास्तराशी वाद घालायला तयार होतो आणि मास्तर पानंच्या पानं लिहून एकेक कोडं पुढे टाकतो. 1968 ची गोष्ट. आपल्याकडे प्रस्तावना मागणारे आजही खूप आहेत. पुस्तक छापून झाल्यावर मागतात.

माझ्या अकरा वर्षांतली दहा वाया गेली. एक कामी आलं. याच गावातले एक निवृत्त शिक्षक होते. तरुणपणी कुरुंदकरांच्या वर्गात बसलेले, स्वतः एक ओळही न छापलेले. प्रकाशकाला पैसे भरण्याच्या आधी कुणाच्या तरी ओळखीनं मी त्यांच्याकडे बाड घेऊन गेलो. त्यांनी आठ महिने ठेवून घेतलं. मला वाटलं, इथंही गाठ तशीच राहणार. मग पत्र आलं, येऊन घेऊन जा. घरी गेलो तर बाड जमखान्यावर सुटं मांडलेलं, दर दहा-बारा पानांवर समासात शिसपेन्सिलीची खूण. कौतुक एकाही ठिकाणी नाही. सगळे प्रश्न.

पान 418. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माझी नायिका संध्याकाळी घरी येऊन भाकरी थापते, असा प्रसंग होता. मी चार पानांत गहिवर आणला होता. समासात लिहिलं होतं: "ज्वारीची? त्या साली ज्वारी कुठून आणली?"

मी तिथंच ओशाळलो. त्या साली आम्ही मिलो खाल्ली होती. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो. मी सहावीत होतो, स्वतः खाल्लेली, आणि लिहिताना पांढरी ज्वारी लिहून बसलो होतो. पुस्तकातल्या भाकरी तशाच असतात म्हणून. लातूरला आल्यावर आईला विचारलं, मिलोची भाकरी कशी व्हायची गं? ती म्हणाली, "थापताना चिरायची. काठ धरत नव्हता. तुझा बाप म्हनला, हे जनावराचं खानं हाय. मी म्हनलं, मग जनावरावानी गप खा." आणि मग ती रात्रभर बोलत राहिली. सुकडीच्या रांगेचं, मुकादमाचं, एका बाळंतिणीनं खडीच्या ढिगाआड पोराला पाजलं त्याचं. ती आधी यातलं कधी बोलली नव्हती, कारण मी कधी विचारलं नव्हतं. चार पानांची बत्तीस झाली. पुढे माझ्या पुस्तकाबद्दल जी काही पाच-सहा पत्रं आली, ती सगळी त्या बत्तीस पानांबद्दल आहेत.

पुस्तक निघालं 2010 ला. प्रकाशन समारंभात प्रमुख पाहुणे माझा परिचय चालू असताना मलपृष्ठ वाचत होते. मी शेजारीच बसलेलो, दिसत होतं. गुरुजी मागून चौथ्या रांगेत होते. नंतर मी त्यांना प्रत दिली, तर त्यांनी उभ्या उभ्या 'मिलो' शोधली, वाचली आणि विचारलं, "मुकादमाला नाव का नाही दिलं?"

ते आता नाहीत. त्यांची शिसपेन्सिल त्यांच्या मुलानं मला दिली, असं सांगितलं असतं तर भाषण रंगलं असतं. तसं काही झालेलं नाही. पेन्सिल मी स्टँडसमोरच्या दुकानातून घेतो, पाच रुपयांची.

या संमेलनाची पत्रिका छापल्यावर मला तीन बाडं आली. दोन लातूर जिल्ह्यातली, एक कंधारकडचं. तिन्ही मी सोबत आणली आहेत, या पिशवीत. दोन अजून व्हायची आहेत, त्यांना पावसाळ्यापर्यंत दम धरावा लागेल. माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. कंधारचं निम्मं वाचून झालं. त्या मुलाला मी ओळखत नाही, पण तो इथं आला असेल. पान 112 वर तुझा नायक मन्याडच्या धरणावर भर मे महिन्यात पोहायला उतरतो. पाणी किती होतं रे तेव्हा? जेवणाच्या सुट्टीत मला येऊन भेट.